गच्चीवरचे विमान : हात, ग्रंथ आणि पुरावा

(शतकमहोत्सवी व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचा मजकूर)



ग्रंथालयाच्या शतकमहोत्सवात संतसाहित्य, नाटक, कादंबरी किंवा भाषेचे भवितव्य यांवर बोलण्याची प्रथा आहे आणि ती योग्यच आहे. परंतु आजच्या व्याख्यानाचा विषय थोडा अनपेक्षित वाटेल. तो आहे घरी विमान बांधण्याचा. गॅरेजमध्ये, परसातल्या शेडमध्ये किंवा इमारतीच्या गच्चीवर, सुट्ट्या भागांतून, स्वतःच्या हातांनी एक उडणारे यंत्र उभे करणाऱ्या माणसांचा. ग्रंथालयाशी याचा काय संबंध, असा प्रश्न कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर शोधताना सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका पत्रापासून सुरुवात करणे सोयीचे ठरेल.

३० मे १८९९ रोजी अमेरिकेतील डेटन या गावी राहणाऱ्या, सायकली दुरुस्त करणाऱ्या आणि विकणाऱ्या एका तरुणाने वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला पत्र लिहिले. उड्डाणाविषयी संस्थेने जे काही प्रसिद्ध केले असेल ते आपल्याला पाठवावे आणि इंग्रजीत इतरत्र जे छापले गेले असेल त्याची यादी द्यावी, अशी त्याची विनंती होती. त्या तरुणाचे नाव विल्बर राइट. संस्थेने त्याला काही पुस्तिका पाठविल्या आणि ग्रंथांची यादी कळविली. जर्मनीचा ओटो लिलिएंथाल याने पक्ष्यांच्या उड्डाणाचा अभ्यास करून १८८९ साली ग्रंथ लिहिला होता. तोच लिलिएंथाल १८९६ साली आपल्या ग्लायडरवरून कोसळून मरण पावला होता. ऑक्टेव्ह शानूट याने १८९४ साली तोवरच्या सर्व प्रयत्नांचा आढावा पुस्तकरूपाने घेतला होता. राइट बंधूंनी हे सारे वाचले. विमानाचा आरंभ अशा रीतीने एका वाचकाच्या मागणीपत्राने झाला, असे म्हटले तर ते अतिशयोक्त ठरणार नाही.

परंतु वाचून ते थांबले नाहीत, आणि वाचलेले सारे खरे मानूनही चालले नाहीत. ग्रंथांतील आकडे आपल्या ग्लायडरला लागू पडत नाहीत, असे ध्यानात आल्यावर १९०१ साली त्यांनी सुमारे सहा फूट लांबीची एक लाकडी पेटी तयार केली, तिच्यात पंख्याने वारा सोडला आणि पंखांच्या सुमारे दोनशे लहान नमुन्यांची मोजमापे घेतली. त्यांच्या दुकानातील कारागीर चार्ली टेलर याने सुमारे सहा आठवड्यांत बारा अश्वशक्तीचे इंजिन घडविले. १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉक येथे त्यांचे यंत्र बारा सेकंद हवेत राहिले आणि १२० फूट गेले. त्याच दिवशीच्या चौथ्या उड्डाणाने ५९ सेकंदांत ८५२ फुटांचे अंतर कापले. या सर्व उद्योगाला हजार डॉलरपेक्षा कमी खर्च आला. जगातले पहिले विमान कोण्या सरकारी कारखान्यात बांधले गेले नाही. ते सायकलच्या दुकानात बांधले गेले. या अर्थाने पाहिले तर घरी बांधलेले विमान हा विमानविद्येतील अपवाद नसून तिचे मूळ स्वरूप आहे.

पुढे कारखाने आले, युद्धे आली, प्रवासी कंपन्या आल्या आणि विमान ही सामान्य माणसाने केवळ तिकीट काढून बसण्याची वस्तू झाली. तरीही घरी विमान बांधण्याची परंपरा कधी पूर्ण खंडित झाली नाही. पॅरिसमध्ये राहणारा ब्राझीलचा आल्बेर्तो सांतोस-द्युमाँ याने आपल्या 'द्मुआझेल' या चिमुकल्या विमानाचे आराखडे स्वतःकडे राखून न ठेवता सर्वांना खुले केले. १९१० साली ते एका अमेरिकन मासिकात छापूनही आले. विमानाचा आराखडा पाककृतीप्रमाणे मासिकात छापावा आणि वाचकांनी तो घरी करून पाहावा, ही कल्पनाच त्या काळाचा उत्साह सांगून जाते.

त्या उत्साहाची दुसरी बाजूही येथे सांगितली पाहिजे. फ्रान्सच्या आंरी मिन्ये याने १९३४ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. खोका ठोकता येतो त्या कोणालाही माझे विमान बांधता येईल, अशा आशयाचा त्याचा दावा होता. त्या विमानाला त्याने आकाशातली ऊ असे गमतीचे नाव दिले होते. इंग्रजीत ते उडती पिसू म्हणून प्रसिद्ध झाले. फ्रान्समध्ये आणि इंग्लंडमध्ये शेकडो हौशी लोक पुस्तक उघडून कामाला लागले. त्यातली काही विमाने उडाली, आणि काही जमिनीवर कोसळून बांधणाऱ्यांचे प्राण घेऊन गेली. वाऱ्याच्या बोगद्यात प्रत्यक्ष तपासणी झाली तेव्हा दोष हाती लागला. विमानाचे नाक ठरावीक मर्यादेपलीकडे खाली झुकले की पुढच्या आणि मागच्या पंखांवरील हवेचे प्रवाह परस्परांत अडकत आणि वैमानिकाने काहीही केले तरी नाक पुन्हा वर येत नसे. इंग्लंडमध्ये त्या विमानाच्या उड्डाणाला बंदी झाली. त्या वाचकांच्या हातात कौशल्य होते, मनात धैर्य होते, समोर पुस्तकही होते. नव्हती ती पडताळणी. ग्रंथावर प्रेम करणाऱ्यांनी ही हकीकत विशेष लक्षात ठेवावी. छापलेले आहे म्हणून ते खरे आहे, असे आकाश मानत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर या हौसेला शिस्त आली. १९५३ साली अमेरिकेतील मिलवॉकी येथे पॉल पोबेरेझ्नी याने स्वतः विमाने बांधणाऱ्यांची एक संघटना स्थापन केली. तिचे काम आरंभी त्याच्या घराच्या तळघरातून चाले. १९७० पासून तिचा वार्षिक मेळा ऑशकॉश या गावी भरतो आणि हजारो विमाने तेथे उतरतात. कायद्यानेही या प्रकाराला वेगळी जागा दिली. अमेरिकेतील नियम असा की विमानाच्या घडणीचे निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा विरंगुळ्यासाठी केलेले असेल, तर त्याला प्रायोगिक या वर्गात उडण्याची परवानगी मिळू शकते. मात्र आरंभीची काही तासांची चाचणी-उड्डाणे विरळ वस्तीच्या प्रदेशावर, प्रवासी न घेता करावी लागतात. स्वातंत्र्य आहे, पण त्याची किंमत म्हणून शिस्तही आहे.

आता या विमानाचे सुटे भाग घरी येतात म्हणजे नेमके काय होते, ते पाहू. ज्याला किट म्हणतात ते अनेक खोक्यांतून येते. त्यात ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे कापलेले पत्रे असतात, पंखाचा मुख्य कणा असतो, पंखाला आकार देणाऱ्या फासळ्या असतात, हजारो रिव्हेट असतात आणि जाडजूड सूचनापुस्तिका असते. इंजिन, पंखा आणि उपकरणे सहसा वेगळी घ्यावी लागतात. बहुतेक जण शेपटीपासून आरंभ करतात, कारण तो भाग लहान असतो आणि हात बसेपर्यंत झालेले नुकसान सोसण्याजोगे असते. प्रत्येक भोक ठरल्या मापाचे करावे लागते, भोकाच्या कडेवरचा बारीक कंगोरा काढून टाकावा लागतो, पत्र्यांना गंजरोधक रंगाचा हात द्यावा लागतो, तात्पुरत्या पिनांनी सर्व जुळवून पाहावे लागते आणि मगच रिव्हेट ठोकावा लागतो. रिव्हेट ठोकण्याचे काम बहुधा दोघांचे असते. एकाने बाहेरून हवेच्या दाबावर चालणारी हातोडी धरायची आणि दुसऱ्याने आतून पोलादी ठोकळा घट्ट लावून ठेवायचा. म्हणून ज्या घरात विमान बांधले जाते त्या घरातील पत्नी, भाऊ, मुलगी किंवा शेजारी यांपैकी कोणाचे तरी हात त्या पंखाच्या आत गेलेलेच असतात. एकट्याने बांधलेले विमान असे आपण म्हणतो खरे, परंतु ते क्वचितच एकट्याचे असते.

कंगोऱ्यासारखी क्षुल्लक बाब किती मोलाची, याचे उदाहरण अलीकडचेच आहे. अमेरिकेतील ओरेगन राज्यात रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन याने १९७३ साली स्थापन केलेल्या कंपनीच्या किटांतून आजवर दहा हजारांहून अधिक विमाने उडाली आहेत. २०२३ साली या कंपनीच्या लेझरने कापलेल्या काही भागांत, भोकांना खळगा पाडताना किंवा रिव्हेट ठोकताना बारीक तडे जात असल्याचे आढळले. अनेक ग्राहकांचे भाग बदलून देण्याची वेळ आली आणि इतर आर्थिक अडचणींची भर पडून त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये कंपनीला न्यायालयाचे संरक्षण मागावे लागले. पुढील वर्षी ती त्यातून बाहेर आली. भोकाची कड हा डोळ्यांना जेमतेम दिसणारा भाग. पण पन्नास वर्षांच्या नावलौकिकाला तिने हादरा दिला.

बांधणी झाल्यावर विमानाचे वजन करतात. तिन्ही चाकांखाली तीन काटे ठेवून भार मोजायचा आणि त्यावरून गुरुत्वमध्य काढायचा. हा बिंदू ठरलेल्या मर्यादेपेक्षा मागे गेला तर विमान स्थिर राहत नाही. फार पुढे गेला तर उतरताना नाक वर उचलणे अवघड होते. मग इंजिन जमिनीवर चालवून पाहायचे, नंतर धावपट्टीवर हळूहळू चालवायचे, नंतर वेगाने पळवायचे, आणि त्यानंतरच एके दिवशी चाके जमीन सोडतात. केरळमधून इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले अभियंते अशोक तामराक्षन यांनी महासाथीच्या काळात दक्षिण आफ्रिकेतील कारखान्याच्या किटमधून चार आसनांचे विमान बांधले आणि २०२२ साली त्यातून कुटुंबासह प्रवास केला, ही बातमी अनेकांनी वाचली असेल. त्यांना त्या कामाला सुमारे दीड वर्ष लागले. तेथे अशा बांधणीची पायरीपायरीने तपासणी करणारी व्यवस्था आहे, हे त्या यशामागील तितकेच महत्त्वाचे कारण होय.

या सर्व जगाच्या कथेत मराठी माणूस कोठे आहे, हा प्रश्न आता विचारला पाहिजे. तो विचारताच एक नाव पुढे येते, ते शिवकर बापूजी तळपदे यांचे. मुंबईच्या चौपाटीवर १८९५ साली त्यांनी मानवरहित विमान उडविले, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. तिच्यावर २०१५ साली हिंदी चित्रपटही निघाला. तळपदे ही काल्पनिक व्यक्ती नव्हे. ते मुंबईत होऊन गेले, संस्कृत ग्रंथांचे अभ्यासक होते आणि प्राचीन विमानकलेविषयी त्यांनी मराठीत लेखनही केले. परंतु त्या उड्डाणाचा समकालीन, निर्विवाद पुरावा आजवर कोणी पुढे आणलेला नाही. ज्या ग्रंथाशी ही कथा जोडली जाते त्या 'वैमानिक शास्त्रा'ची परीक्षा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ साली केली. तो ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभीचा असून त्यातील विमाने उडण्याजोगी नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता.

हे सांगितले की काहींना वाईट वाटते. आपल्या पूर्वजांचे काही हिरावून घेतले, असा भाव मनात येतो. वास्तविक तळपद्यांची जिज्ञासा कोणी हिरावून घेऊ शकत नाही. परतंत्र देशात, तुटपुंज्या साधनांनिशी उड्डाणाचा ध्यास घेणारा माणूस आदरालाच पात्र आहे. आदर करावा म्हणून पुरावा रचण्याची मात्र गरज नाही. शिवाय या कथेच्या गजरात ज्यांचा पुरावा कागदोपत्री आणि आकाशातही उपलब्ध आहे अशी मराठी माणसे झाकोळून जातात, हे अधिक दुर्दैवाचे आहे.

डॉ. विष्णू माधव घाटगे हे त्यांपैकी एक. कोल्हापूर परिसरात १९०८ साली जन्मलेल्या घाटग्यांनी जर्मनीतील ग्योटिंगेन येथे लुडविग प्रांटल या श्रेष्ठ वायुगतिशास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली अध्ययन केले. पुढे बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात त्यांच्या नेतृत्वाखाली 'एचटी-२' हे शिकाऊ वैमानिकांसाठीचे विमान सिद्ध झाले आणि १९५१ साली ते उडाले. १९५८ साली उडालेले 'पुष्पक' हे लहान विमानही त्यांच्याच परंपरेतले. देशातील अनेक फ्लाइंग क्लबांत कितीतरी वैमानिक त्यावर शिकले. किती मराठी घरांत घाटग्यांचे नाव ठाऊक आहे? चौपाटीच्या कथेइतके ते ठाऊक असते, तर आपल्या अभिमानाला अधिक भक्कम पाया लाभला असता.

आणि आता घरी बांधलेल्या विमानाकडे, म्हणजे या व्याख्यानाच्या मुख्य विषयाकडे यावयाचे. कॅप्टन अमोल यादव हे मुंबईचे वैमानिक. त्यांनी अमेरिकेत विमानचालनाचे शिक्षण घेतले आणि ते जेट एअरवेज या कंपनीत वैमानिक होते. कांदिवलीतील चारकोप येथे मोठ्या एकत्र कुटुंबासह राहत असताना त्यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधावयास घेतले. आधीच्या दोन प्रयत्नांनंतरचे हे तिसरे विमान होते, म्हणून त्याच्या नावातही तीन हा आकडा आहे. येथे एक भेद ध्यानात घ्यावा. हे परदेशातून मागविलेले किट नव्हते. इंजिन आयात केलेले होते. परंतु विमानाचा सांगाडा त्यांनी स्वतः योजून, पत्रे कापून, जोडून उभा केला. लेथ, वेल्डिंगची यंत्रे आणि सुमारे १८० किलो वजनाचे इंजिन इमारतीच्या अरुंद जिन्यातून वर चढविण्यात आले. पावसाळ्यात मुंबईची गच्ची काय असते, हे सांगावयास नको. त्या गच्चीवर नोकरीतून उरलेल्या वेळात वर्षानुवर्षे हे काम चालले. कुटुंबाचा पैसा त्यात गेला आणि कुटुंबाचे श्रमही गेले.

फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात 'मेक इन इंडिया' सप्ताह भरला. विमानाचे भाग सुटे करून क्रेनने गच्चीवरून उतरविण्यात आले आणि तेथे ते पुन्हा जोडून मांडण्यात आले. मोठमोठ्या कंपन्यांच्या दालनांपेक्षाही लोकांची पावले या विमानाकडे वळली. वर्तमानपत्रांनी त्याची छायाचित्रे छापली, जगभर बातमी गेली. परंतु छायाचित्र म्हणजे उड्डाण नव्हे. विमान उडवावयाचे तर त्याची नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे नोंदणी हवी, आणि एका माणसाने गच्चीवर बांधलेल्या विमानाला प्रचलित नियमांच्या चौकटीत बसविणे सोपे नव्हते. अर्ज, उत्तरे, बदललेले नियम आणि पुन्हा अर्ज यांत वर्षे गेली. नोव्हेंबर २०१७ मध्ये अखेर नोंदणी झाली. विमानावर 'व्हीटी-एनएमडी' ही अक्षरे आली. पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि तेव्हा महाराष्ट्राचे मुख्यमंत्री असलेले देवेंद्र फडणवीस यांच्या साहाय्याची आठवण म्हणून यादवांनी ती निवडली होती. फेब्रुवारी २०१८ मध्ये पालघर येथे विमानाच्या कारखान्यासाठी राज्य शासनाशी सामंजस्य करारही झाला. त्या कराराचे आकडे मोठे होते आणि त्यांचीच चर्चा अधिक झाली. प्रस्तुत विषय मात्र कारखान्याचा नसून त्या एका विमानाचा आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्याला उड्डाणाची अनुज्ञा मिळाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जेट एअरवेजचे उड्डाण थांबले होते. ज्या कंपनीच्या प्रचंड विमानांचे सारथ्य यादव करीत, ती विमाने जमिनीवर खिळली आणि गच्चीवरच्या विमानाला आकाशाचा परवाना मिळाला. योगायोगच, पण विचार करावयास लावणारा.

पुढची घटना या सभागृहातील अनेकांच्या जिव्हाळ्याची आहे. ते विमान उडाले कोठे? ते उडाले धुळ्यास, ऑगस्ट २०२० मध्ये, पहिल्या टप्प्यातील चाचणीत. नवागाम-डिंडोलीच्या गल्ल्यांतून फिरताना जी अहिराणी कानी पडते, ती ज्या मातीतून आली त्याच खानदेशच्या मातीवरील धावपट्टी त्या चाकांनी सोडली. सुरतेहून सोनगड, नवापूर, साक्री करीत जो रस्ता धुळ्यास जातो, त्या रस्त्याने पोटासाठी इकडे आलेल्या कुटुंबांपैकी किती जणांना ही घटना ठाऊक आहे? महासाथीचे ते दिवस होते. माग बंद होते, माणसे गावी परतली होती, वर्तमानपत्रांच्या पानांत दुसऱ्या कशाला जागा नव्हती. त्यामुळे एका मोठ्या प्रयत्नाचे सर्वांत महत्त्वाचे पाऊल जवळजवळ निःशब्दपणे पडले.

या कथेतून दोन टोकांचे निष्कर्ष काढले जातात. पहिला निष्कर्ष असा की, सरकारी खाती कल्पक माणसाची शत्रू असतात. परवाने नसते तर घरोघरी विमाने उडाली असती. दुसरा निष्कर्ष याच्या अगदी उलट. दाट वस्तीच्या शहरात गच्चीवर बांधलेले यंत्र लोकांच्या डोक्यावरून उडू देणे हा वेडेपणा आहे, म्हणून अशा गोष्टींना मुळातच मनाई हवी. उडत्या पिसूची हकीकत आठवली तर पहिला निष्कर्ष टिकत नाही. पुस्तक वाचून, तपासणीवाचून उडालेल्यांनी आपले प्राण गमावले. राइट बंधूंची हकीकत आठवली तर दुसरा निष्कर्षही टिकत नाही. सायकलच्या दुकानाला मनाई असती तर विमानच आले नसते. मधला मार्ग अस्तित्वात आहे आणि अनेक देशांनी तो चोखाळला आहे. माणसाला बांधू द्यावे, बांधताना प्रत्येक टप्प्यावर जाणत्याने येऊन पाहावे, वजन करवून घ्यावे, निर्जन भागावर चाचणी करवावी आणि मगच पुढचे दार उघडावे. नियम असावा तो काय करावे हे आरंभीच सांगणारा. केलेले काम बदलत्या नियमाच्या तोंडी देणारा नसावा. आपल्या देशात १९३४ चा विमान अधिनियम नव्वद वर्षे चालला आणि त्याची जागा आता भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ याने घेतली आहे. नव्या कायद्याच्या छायेत हौशी बांधणाऱ्यासाठी स्पष्ट, पायरीपायरीची वाट सिद्ध झाली तर पुढच्या गच्चीवरच्या माणसाची उमेदीची वर्षे अर्जांत जाणार नाहीत.

परंतु कायद्याइतकीच गरज समाजाच्या दृष्टीची आहे. आपल्याकडे हाताने काम करणाऱ्याला कारागीर म्हणतात आणि वाचणाऱ्याला विद्वान म्हणतात, आणि दोघांच्या बसण्याच्या जागा वेगळ्या ठेवतात. सुरतेचे वस्त्रवैभव ज्या मागांवर उभे आहे ते माग चालते ठेवणारा जॉबर कान देऊन यंत्राचा आवाज ऐकतो आणि कोठला भाग झिजला हे सांगतो. नवागाम, डिंडोली, लिंबायत, उधना या परिसरातील कितीतरी मराठी घरांत असे हात आहेत. त्यांतील एखाद्या मुलाच्या हाती वायुगतिशास्त्राचे सुबोध मराठी पुस्तक पडले, तर काय होईल? कदाचित विमान होणार नाही. पण मोजण्याची सवय लागेल, नोंद ठेवण्याची सवय लागेल, सांगोवांगीवर विसंबून न राहता करून पाहण्याची सवय लागेल. विमान बांधणाऱ्यांच्या जगात वहीला फार मान असतो. कोणत्या तारखेला कोणता भाग बसविला, किती रिव्हेट काढून पुन्हा मारले, काय चुकले, हे सारे त्यात लिहिलेले असते. तपासनीस येतो तो आधी वही मागतो. तळपदे आणि यादव यांच्या कथांत काळाचे अंतर सव्वाशे वर्षांचे आहे; परंतु दोहोंतील खरा फरक त्या वहीचा आहे. एकाच्या प्रयत्नाची नोंद उरली नाही, म्हणून तो दंतकथेच्या स्वाधीन झाला. दुसऱ्याच्या प्रयत्नाला नोंदणी क्रमांक आहे, दिनांक आहेत, अनुज्ञापत्र आहे. उद्या कोणी तो नाकारू म्हणेल तर त्याला नाकारता येणार नाही, आणि कोणी फुगवून सांगू म्हणेल तर तेही चालणार नाही.

येथेच ग्रंथालयाचे कार्य सुरू होते. शंभर वर्षे या वास्तूने पुस्तके जपली, ती पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली. आपला मुलूख सोडून आलेल्या माणसांची भाषा तिने सांभाळली. पुढच्या शतकात तिने आणखी एक काम हाती घ्यावे, अशी अपेक्षा बाळगणे अनाठायी ठरणार नाही. आपल्या माणसांनी हातांनी जे घडविले त्याचा पुरावा जपणे हे ते काम. कोणी यंत्रात सुधारणा केली असेल, कोणी मागाचा नवा भाग काढला असेल, कोणी शाळेसाठी दुर्बीण घासली असेल, तर त्याची वही, आराखडा, छायाचित्र आणि दिनांक येथे यावा. कादंबऱ्यांच्या कपाटाशेजारी एक कपाट अशा वह्यांसाठी राखून ठेवावे. त्याला खर्च फार नाही; थोडी आस्था आणि एक जाणता ग्रंथपाल पुरेसा आहे.

१८९९ साली एका सायकल दुरुस्त करणाऱ्याने पुस्तकांची यादी मागितली आणि समोरच्या संस्थेने ती मनापासून पाठविली. विचारणारा कोण, त्याचे शिक्षण किती, असे तिने विचारले नाही. या ग्रंथालयाच्या काउंटरशी उद्या हाताला तेलाचे डाग असलेला एखादा मुलगा येईल आणि विमानाविषयी काही आहे का, असे विचारील. त्याच्या हाती कोणते पुस्तक ठेवायचे, याची तयारी आतापासून झालेली असावी.